जमाखर्चाचं एक पान

साताऱ्याचं आमचं घर मागच्या वर्षी विकलं. (नातेवाइकांना हे ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगतेय.) माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी, पाट, शिसवी कपाट यांची रीतसर वाटणी झाली आणि कुणालाच नको असलेली एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तीत जुनी पंचांगं, एक फुटका चष्मा आणि पणजोबांच्या जमाखर्चाच्या पाच वह्या होत्या.

पणजोबा कचेरीत कारकून होते. पैचा हिशेब लागला नाही तर त्यांना रात्री झोप येत नसे, असं बाबा सांगायचे. वह्या अर्थातच मोडीत. मला मोडीचं एक अक्षर येत नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना येतं. मग सलग चार रविवार त्यांच्याकडे जाऊन बसले. ते वाचणार, मी लिहून घेणार, त्यांच्या सौ. मधूनमधून चहा देणार. वाणसामान, रॉकेल, देवापुढची दक्षिणा, आजोबांच्या शाळेची फी. वाचताना गंमत वाटत होती. घर दिसत होतं डोळ्यांसमोर.

तिसऱ्या रविवारी १९११ सालच्या वहीत एक ओळ आली. 'अनाथ बालिकाश्रम, हिंगणे, वर्गणी, रुपया १'.

मी उडालेच! मी राहते कर्वेनगरला, म्हणजे जुन्या हिंगण्यालाच. जिथे रोज भाजी आणायला जाते तिथल्या संस्थेला माझ्या पणजोबांनी शंभरावर वर्षांपूर्वी साताऱ्याहून रुपया पाठवला होता. त्या काळी कारकुनाला रुपया म्हणजे काही थोडा नव्हे. मनात म्हटलं, चला, आपलं घराणं सुधारक निघालं! घरी जाऊन कुणाकुणाला फोन करायचा तेही ठरवून टाकलं.

सर पुढे वाचत होते. दोन-तीन ओळी सोडून त्याच पानावर होतं, 'न्हावी, ती. ताईकरिता, २ आणे'.

ते क्षणभर थांबले आणि मग पुढची ओळ वाचायला लागले.

ही 'ताई' म्हणजे पणजोबांची थोरली बहीण. लग्न झालं तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल, आणि दोन वर्षांत कुंकू पुसून माहेरी परत आली. पुढे सत्तरी गाठेपर्यंत त्याच घरात राहिली. पणजोबांची मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून नातवंडंही आत्याच म्हणायची. बाबांनी लहानपणी तिला पाहिलेलं होतं. डोक्यावरून घट्ट ओढलेलं लाल आलवण, माजघराचा एक कोपरा, समोर कापूस आणि वातींचा ढीग. बाबांना तिची एकच गोष्ट नीट आठवायची. दुधाच्या रतिबाचा हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवायची आणि महिनाअखेर गवळ्याला तोंडी आकडा सांगायची. पणजोबा वहीत मांडायला बसायचे, तोवर हिचं उत्तर तयार असायचं. तिला लिहायला-वाचायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

वह्यांमध्ये मग मी शोधतच गेले. हिंगण्याची वर्गणी दरवर्षी एकदा. न्हावी महिन्यातून दोनदा. दोन्हींत खंड नाही.

त्यानंतर कर्व्यांबद्दल मिळेल ते वाचायचा सपाटा लावला. तसे अण्णासाहेब कर्वे आपल्याला शाळेपासून माहीत असतात. म्हणजे काय, तर पांढरी दाढी, भारतरत्न आणि निबंधात घालायला चार ओळी. कोथरूडात त्यांचा पुतळा आहे, त्याला वळसा घालून आपण रिक्षावाल्याला "पुतळ्यापाशी सोडा" म्हणतो. यापलीकडे माझंही ज्ञान नव्हतं. आता मात्र मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. रुपया देणारे माझे पणजोबा आणि ज्यांना रुपया दिला ते कर्वे, या दोघांत नेमका फरक काय होता? दोघेही मध्यमवर्गीय, पगारावर जगणारे, शांत स्वभावाचे. दोघांनाही विधवांची दया येत होती, हे वर्गणीवरून दिसतंच.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. दापोलीजवळच्या मुरूड गावचे. घरची गरिबी. मुलगा अभ्यासात चांगला, पण भिडस्त. १८७५ साली एका परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत आले. शंभर मैलांहून जास्त अंतर. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता, आणि हा मुलगा दिसायला लहान, म्हणून बसूच दिलं नाही. आले तसे परत गेले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाले. मला ही गोष्ट फार आवडली, कारण तीत भाषणबिषण काही नाही. नाही म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ! पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलेलं दिसतं.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले. १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. मागे एक मुलगा, रघुनाथ. (संततिनियमनाच्या प्रचारासाठी पुढे समाजाचा रोष ओढवून घेणारे र. धों. ते हेच.) त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले.

आता इथे थांबून जरा त्या काळाचा विचार करा. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ सालीच कायद्यानं मान्यता मिळाली होती. म्हणजे कायदा होऊन पस्तीस वर्षं झालेली. सभा होत होत्या, ठराव होत होते, वर्तमानपत्रांतून वाद झडत होते. आणि तरीही पस्तिशीच्या घरातल्या बिजवर प्राध्यापकानं दहा-बारा वर्षांची कुमारिका करून आणावी, हे सगळ्यांना इतकं सरळ वाटत होतं, की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नसे. सभेत टाळ्या वाजवून घरी आलेला माणूसही तेच करायचा.

कर्व्यांनी ठरवलं की पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, नाही तर नाहीच.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई. देवरूखच्या जोश्यांची मुलगी, आठव्या वर्षाच्या सुमारास विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा नरहरपंतांनी तिला तिथे शिकायला पाठवलं. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. कर्वे आणि गोदूबाई यांचं लग्न ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात झालं, आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

पुण्यात लग्न लागलं, पण गाव मुरूड. गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्कार घातला. कर्वे असतील त्या बैठकीत कुणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं. म्हणजे शिक्षा फक्त लग्न करणाऱ्याला नाही, तर त्याच्या आईला, भावाला, बहिणीलासुद्धा. वाळीत टाकणं म्हणजे काय ते आज आपल्याला नीटसं कळत नाही. घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस नाही, मुलीचं लग्न ठरायला तयार नाही, सणाला भटजी नाही.

हे वाचलं तेव्हा पणजोबा मला पहिल्यांदा थोडे समजले. न्हाव्याला "उद्यापासून येऊ नकोस" एवढंच सांगायचं होतं. पण त्या एका वाक्यानंतर पणजोबांच्या दोन मुलींची लग्नं कशी ठरली असती? गल्लीतल्या बायका पणजीशी विहिरीवर बोलल्या असत्या का? त्यांनी हा हिशेब नक्कीच केला असणार. हिशेब हाच तर त्यांचा हातखंडा.

फरक एवढाच, की हिशेब कर्व्यांनीही केला होता. गणिताचे प्राध्यापक ते. पण त्यांनी खर्चाच्या बाजूला आधी स्वतःला मांडलं.

मुरूडच्या प्रकरणानंतर ते गावावर रागावून बसले नाहीत. ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा काम वाढवलं. त्याच साली त्यांनी पुनर्विवाहाला मदत करणारी मंडळी काढली. मग त्यांच्या लक्षात आलं, की पुनर्विवाह करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या करणार नाहीत किंवा ज्यांना करता येणार नाही, त्या हजारोंचं काय? त्यांना शिकवलं, स्वतःच्या पायांवर उभं केलं तर? १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. डॉ. भांडारकर अध्यक्ष. पहिले हजार रुपये कर्व्यांनी आपल्या शिलकीतून घातले. फर्ग्युसनच्या आजीव सदस्यांना तेव्हा महिना ७५ रुपये मिळत, हे लक्षात घेतलं म्हणजे हजाराचा अर्थ कळतो.

१८९९ साली पुण्यात भाड्याच्या जागेत आश्रम सुरू झाला. प्लेगमुळे तो १९०० साली गावाबाहेर हिंगण्याला हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली आणि झोपडी बांधायला पैसेही दिले. झोपडी म्हणजे खरोखरची झोपडी, आजूबाजूला रान. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान बरोबर घेऊन हिंगण्याला चालत यायचे, तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत कॉलेजात. जाऊन-येऊन आठेक मैल. पावसाळ्यात तर रस्ता म्हणजे नुसता चिखल.

हा रस्ता म्हणजे साधारण आपला कर्वे रोड हो! मी त्याच रस्त्यानं रोज ऑफिसला जायचे. नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी अडकली की मेट्रोच्या खांबांकडे बघत किती वेळा चिडलेय मी. कुणीतरी या रस्त्याचं काहीतरी करायला पाहिजे, असं सुद्धा म्हणालेय. 'कुणीतरी'. आता हा शब्द तोंडात आला की माझी मलाच लाज वाटते.

पैसे कसे जमवले, हेही बघण्यासारखं आहे. सुट्टी लागली की कर्वे गावोगाव फिरायचे. मोठ्या देणगीची वाट बघत बसायचे नाहीत. कुणी रुपया दिला तर रुपया, कुणी आणे दिले तर आणे. अशाच फेऱ्यांतला एक रुपया साताऱ्याहून माझ्या पणजोबांचा. पुढे १९०७ साली महिला विद्यालय निघालं. १९१६ साली कर्व्यांनी स्त्रियांचं स्वतंत्र विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांचं वय ५८ होतं. विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी त्यानंतर, १९२० साली आली. त्यांच्या आईच्या, म्हणजे नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावावरून आपण आज एस. एन. डी. टी. म्हणतो. लाखांच्या आधी वीस वर्षं आण्यांवर काम चाललं होतं, हे आपण विसरतो.

इथवर आल्यावर मला वाटलं, झालं, लेख संपला. थोर माणूस, आपण खुजे, नमस्कार. पण आनंदीबाईंनीही आपली आठवण लिहून ठेवली आहे. पुस्तकाचं नाव 'माझे पुराण'. त्या बाजूनं पाहिलं की चित्र इतकं गुळगुळीत राहत नाही.

कर्व्यांनी शिल्लक दिली, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली. पण ती पॉलिसी कुणासाठी होती? नवरा गेला तर बायकामुलांना आधार म्हणून. एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला त्या कागदाची किंमत काय असेल, हे सांगायला नको. आणि त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. आश्रमात मुली पाठवायला पालक घाबरत. इथे गेली म्हणजे पोरीचं दुसरं लग्न लावून देतील, अशी धास्ती. ती घालवण्यासाठी कर्वे पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणूनबुजून लांब झाले. आणि पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई आश्रमात वावरल्या तर लोक बिचकतील, म्हणून सुरुवातीला त्यांनाच आश्रमापासून दूर राहावं लागलं. ज्या लग्नासाठी गावानं वाळीत टाकलं, त्याच लग्नाची बायको नवऱ्याच्या कामात चार हात दूर! आश्रमही आरंभी ब्राह्मण विधवांपुरताच होता. त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ पासून मुलींसाठी, अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढल्या होत्या, १८६३ साली विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घराचं दार उघडलं होतं. त्या मानानं कर्व्यांची पावलं सावध, हे कबूल करायला हवं.

मला आधी याचा राग आला. मग विचार करता वाटलं, की बदल घडवणारा माणूस सगळं एकदम करत नाही. तो एक दार उघडतो आणि त्या नादात दुसरं लोटून घेतो. लोटलेलं दार आठवत ठेवतो की नाही, हे महत्त्वाचं. कर्व्यांनी ठेवलं असावं. ७८ व्या वर्षी, १९३६ साली त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि दारोदार फिरून पैसे मागायला लागले. ८५ वर्षांचे असताना, १९४४ साली समता संघ काढला. या वयात माणसं जप करतात!

आणखी दोन गोष्टी सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे पान पुरं होणार नाही.

पहिली पार्वतीबाई आठवले यांची. आनंदीबाईंची बहीण. वयानं आमच्या आत्याच्या आगेमागेच. त्याही विधवा, त्यांचंही केशवपन झालेलं. हिंगण्याला आल्या तेव्हा तिशी उलटली होती. आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना, अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवले. तिशी उलटलेल्या विधवेनं आता काय शिकायचं, असं पणजोबांना वाटलं असेल तर त्याचं उत्तर त्यांच्या रुपयाच्या पावतीवरच्या पत्त्यावर राहत होतं.

दुसरी गोष्ट न्हाव्यांची. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. हे वाचून मी वही मिटून बसले होते थोडा वेळ. मुंबईत ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्यांनी आपण होऊन वस्तरा खाली ठेवला, आणि एकवीस वर्षांनंतर साताऱ्यात आमच्या घरी सुशिक्षित कारकुनानं तोच वस्तरा महिन्यातून दोनदा बोलावला.

पणजोबांना मी दोष देत नाही. म्हणजे देते, पण माझ्या तोंडून तो शोभत नाही. का ते सांगते.

आमच्या सोसायटीत मध्यंतरी एक ठराव झाला. घरकामाच्या बायकांनी आणि सामान पोचवणाऱ्या मुलांनी पुढची लिफ्ट वापरायची नाही, मागची वापरायची. मागची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना चौदा वर्षं झाली, त्यांचे गुडघे गेलेत आणि आम्ही पाचव्या मजल्यावर. त्या मीटिंगला मी होते. मला ते पटलं नव्हतं. पण सगळे माना डोलावत होते, साडेनऊ वाजले होते, मी गप्प बसले. आणि दिवाळीला मावशींना नेहमीपेक्षा जास्त बोनस दिला.

रुपया १. वर्गणी. त्याच पानावर न्हावी, २ आणे.

वहीतलं ते पान सापडल्यावर मला मावशींच्या डोळ्यांत बघवेना. एक दिवस चहा पिताना म्हटलं, मी लिफ्टबद्दल सेक्रेटरींना लेखी देणार आहे. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्या घाबरल्या. "नको ताई. या बिल्डिंगीत माझी चार घरं आहेत. माझ्यापायी बोललात असं झालं तर दोन जातील." खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पॉलिसीचा कागद देऊन टाकताना आनंदीबाईंना विचारलं होतं का, असं मी कालच फणकाऱ्यानं म्हणाले होते, आणि आज मी स्वतः तेच करायला निघाले होते.

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. मी बोलायचं, त्यांचं नाव घ्यायचं नाही. लिहिताना माझ्या स्वतःच्या गुडघ्यांचंही लिहायचं, कारण तेही खोटं नाही. पत्र माझ्या सहीनं दिलं. सोसायटीच्या ग्रुपवर काहीही टाकलं नाही, कारण तिथे फक्त अंगठे येतात. त्याऐवजी रोज संध्याकाळी एका घराची बेल वाजवायला लागले. बेल वाजवायला मला फार जड जातं, मी भिडस्त आहे. पहिल्या घरी तर दार उघडल्यावर "साखर आहे का" एवढंच तोंडातून निघालं. :) आतापर्यंत अकरा घरं झाली. सहा सह्या मिळाल्या. एका बाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलंय. मागच्या मजल्यावरचे एक आजोबा मात्र म्हणाले, "मी त्या दिवशीही तुमच्याच मताचा होतो, पण कुणी बोललंच नाही." ठराव अजून तसाच आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येईल. काय होईल, सांगता येत नाही.

लिफ्टची आणि केशवपनाची बरोबरी मी करत नाहीये. तेवढी अक्कल आहे मला. पण दोन्हीकडे गप्प बसण्याची रीत तीच आहे, एवढं मला दिसलं. आपण लांबच्या चांगल्या कामाला पैसे देतो, ते द्यायलाच हवेत. पणजोबांचा रुपया वाया गेला नाही. त्या रुपयात कुणाची तरी पाटी आली असेल, कुणा मुलीचं चार दिवसांचं जेवण झालं असेल. पण माजघरात बसलेल्या बाईला त्या रुपयाचा काही उपयोग नव्हता. तिच्यासाठी दोन आणे वाचवायला हवे होते, आणि ते रुपयापेक्षा महाग पडले असते.

आत्या बेचाळीस-त्रेचाळीस सालाच्या सुमारास गेली. तिच्या कोळशाच्या रेघा पुढच्या दिवाळीच्या रंगात पुसल्या गेल्या, असं बाबा म्हणायचे.

असो. आता नातेवाइकांना एक विनंती. पाचही वह्यांत तिचा उल्लेख फक्त 'ती. ताई' असा आहे. बाबा आत्या म्हणायचे, आजोबा आत्या म्हणायचे. तिचं माहेरचं किंवा सासरचं नाव मला कुठेही सापडलेलं नाही. सांगलीच्या काकूंकडे किंवा मिरजेच्या घरच्या जुन्या कागदांत, एखाद्या पत्रिकेच्या पाठीवर, कुठेही असेल तर जरा बघा आणि मला कळवा. वहीतल्या त्या ओळीशेजारी मला पेन्सिलीनं लिहून ठेवायचंय.